बोटांचे टक्के कायद्यात आहेत, गोळ्यांचा हिशेब कोण ठेवणार?

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि खान्देशातले छोटे-मोठे कारखानदार

विषय : कामावर जखमी झालेल्यांचा औषधखर्च, त्यातली लूट आणि गोळ्यांची लागणारी सवय

महोदय, आणि कारखानदार बंधूंनो,

जळगावच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. डी. फार्म. केलं, परवाना माझ्या नावावर आहे आणि काउंटरवर मीच उभी असते. चटई कारखान्यापासून डाळ मिलपर्यंतची माणसं कोणत्या दुखण्यावर काय गिळतात, ते रोज डोळ्यांसमोर असतं. पण हे पत्र लिहायला कारण घरातलंच आहे. माझ्या मोठ्या भावाच्या अपघाताच्या दाव्यातून विमा कंपनीने औषधांच्या बिलाची जवळपास निम्मी रक्कम उडवली. कारण एका ओळीत : खर्च अवाजवी व दुखापतीशी असंबद्ध.

मी ते बिल ओळ न् ओळ वाचलं. विमा कंपनीचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही, बिल फुगवलेलं होतंच. पण फुगवलं दवाखान्याने आणि कात्री लागली ज्याची बोटं गेली त्याला. त्याच बिलातल्या एका गोळीने त्याला पुढे धरून ठेवलं, त्याबद्दल मात्र त्या पत्रात चकार शब्द नाही. गोळ्या लिहिल्या जात होत्या तेव्हा कोणी बघितलं नाही. सहा महिन्यांनी कागद आला तेव्हा सगळ्यांनी चष्मे लावले. माझी तक्रार मुळात एवढीच आहे, बाकीचं तिच्यातूनच निघतं.

आमचे आप्पा (घरात भावाला आप्पाच म्हणतो) प्लास्टिकच्या एका लहान कारखान्यात होते. भंगार दळायच्या ग्राइंडरमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. कारखान्यात दहापेक्षा कमी माणसं, म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू नाही. ईएसआय असतं तर औषध त्या व्यवस्थेतून मिळालं असतं आणि रजेच्या काळात मजुरीच्या ९० टक्के रक्कम हातात आली असती. ते नसलं की तेव्हा उरायचा १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आणि मालकाने काढलेली डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगाराच्या भरपाईसाठी मालकाने घ्यायचा विमा. मालकाने त्यांना लगेच गाडीत घालून खासगी दवाखान्यात नेलं, आगाऊ पैसेही भरले. त्या बाबतीत त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

त्या कायद्याचं परिशिष्ट मी अपघातानंतर पहिल्यांदा वाचलं. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचं, एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०. शरीराचा असा भाव मांडून ठेवलेला बघून पोटात कालवतं, पण निदान भाव लिहिलेला तरी आहे. औषधाचं काय? २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं की कामावरच्या दुखापतीच्या उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च कामगाराला परत मिळेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. चांगली तरतूद आहे. पण प्रत्यक्ष खर्च म्हणजे नेमका कोणता, कोणतं औषध किती दिवस, कुठल्या भावाने, आणि वाद झाला तर आधी पैसे कोणी सोडायचे, याबद्दल कामगाराच्या हातात धरायला एक कागद नाही. ती मोकळी जागा दवाखान्याने एका बाजूने भरली आणि विमा कंपनीने दुसऱ्या बाजूने.

आता बिलाकडे येते, कारण इथे मला धंद्यातलं कळतं.

बोटं चेचलेल्या माणसाला प्रतिजैविक, धनुर्वाताचं इंजेक्शन, वेदनाशामक आणि ड्रेसिंगचं सामान लागतं, याबद्दल वाद नाही. पण आप्पांच्या बिलात सुजेसाठी एन्झाइमच्या गोळ्या होत्या, एसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल-सेराटिओपेप्टिडेजची तिहेरी गोळी होती आणि त्याच दिवशी वर डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं होती, म्हणजे एकाच जातीची दोन औषधं एकाच पोटात. मग पोट बिघडू नये म्हणून पँटोप्राझोल-डोमपेरिडोन. मग अशक्तपणासाठी प्रोटीन पावडरचे डबे. मग ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल, सकाळ-संध्याकाळ. एकही नाव मूळ औषधाचं नाही, सगळी ब्रँडची. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं लिहावं, हा नियम २०१६ पासून स्पष्ट आहे.

या मिश्रणांमागे किमतीचं गणित असतं, ते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. नुसतं पॅरासिटामॉल, नुसतं डायक्लोफेनॅक, नुसतं ट्रामाडॉल ही औषधं सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यांना कमाल किंमत बांधून दिलेली असते आणि ती बांधताना किरकोळ दुकानदाराचा नफा १६ टक्के धरलेला असतो. त्यात दुसरं-तिसरं औषध मिसळून यादीबाहेरची गोळी केली की ती कमाल किंमत लागू होत नाही. मग सुरुवातीची छापील किंमत बऱ्याचदा कंपनी ठरवते, सरकार फक्त वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका एवढंच सांगतं. काही कंपन्या तर माल दवाखान्याच्या आतल्या मेडिकललाच देतात. अशा मालाची छापील किंमत आणि दुकानदाराची खरेदी यांत चार-पाच पटींचा फरक मी स्वतः दरपत्रकात पाहिला आहे. आम्ही औषध बाहेरून, म्हणजे माझ्याच दुकानातून आणतो म्हटलं, तर बाहेरचं औषध चालणार नाही, आम्ही जबाबदारी घेणार नाही, असं उत्तर मिळालं. हातात सलाईन असलेल्या माणसाच्या नातेवाइकाने त्यावर काय बोलायचं? रुग्णाला आतल्याच दुकानातून महाग औषध घ्यायला लावलं जातं या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांनी धोरण ठरवावं असं सांगितलं. ते धोरण अपघातग्रस्त कामगाराच्या खाटेपर्यंत पोचायला हवं, कारण तिथे बिल कंपनी भरणार या समजुतीने हात जास्तच सैल सुटतो.

पैशाचं एक वेळ सोसलं असतं. ट्रामाडॉलचं सोसवत नाही.

ट्रामाडॉल हे अफूच्या कुळातलं वेदनाशामक आहे. औषध नियमांच्या परिशिष्ट एच-१ मधलं, म्हणजे विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि नग वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस ते द्यावंच लागतं, वेदनेने तडफडणाऱ्याला तत्त्वज्ञान सांगायचं नसतं. पण आप्पांच्या डिस्चार्ज कार्डावर 'पुढे चालू ठेवणे' एवढंच होतं. किती दिवस, कमी कशी करायची, बंद कधी करायची, काही नाही. गेलेलं बोट दुखत राहतं हे खरं आहे. त्या नसेच्या दुखण्याला वेगळी औषधं आहेत, हाताचा व्यायाम आहे, मानसिक आधार आहे. त्यातलं काही कोणी सुचवलं नाही. चालू ठेवा म्हटलं, चालू राहिलं. एक गोळी पुरेना तेव्हा दोन झाल्या. मी द्यायचं थांबवल्यावर ते दुसरीकडून आणायला लागले.

आमचं मूळ गाव पारोळ्याकडचं, घरात बोली अहिराणीच. एका रात्री आई ओरडली तेव्हा आप्पा म्हणाले, "गोयी लिधाबिगर डोया लागत नही, माय." हातासाठी घेतलेली गोळी आता झोपेसाठी, कामावर उभं राहण्यासाठी, चिडचिड होऊ नये म्हणून लागत होती. स्वतःच्या मनाने एकदम बंद केली तर दरदरून घाम, मळमळ, अंग मोडून येणं. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मात्रा थोडी थोडी उतरवत नेली. हा उपचार कामावरच्या दुखापतीतूनच आला ना? पण तो दाव्यात धरला जात नाही, 'असंबद्ध' ठरतो.

हे एकट्या आमच्या घरातलं नाही. जिनिंगच्या हंगामात, डाळ मिलमध्ये, हमालीत पाठ आणि मनगट धरलेली माणसं कामावर जाताना एक आणि येताना एक अशी दुखण्याची गोळी घेतात. काही ठेकेदारांच्या खिशातच स्ट्रिप असते : घे, आणि पाळी पूर्ण कर. डायक्लोफेनॅक-एसेक्लोफेनॅकला नशा नसते, पण मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर गेलेला, शेडमध्ये प्लास्टिक वितळवणाऱ्या एक्स्ट्रुडर मशीनची धग, पोटात पाणी कमी, अशात या गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्याचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही, कारण मूत्रपिंड ग्राइंडरमध्ये सापडत नाही. दुसरीकडे धुळे-मालेगाव पट्ट्यात अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांना 'कुत्ता गोळी' म्हणतात, आणि दुखण्यासाठी ट्रामाडॉल घेणारा माणूस झोपेसाठी तिच्याकडे वळला, तर दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आमच्या धंद्यातले काही लोक एच-१ ची वही महिनाअखेरीला एकाच पेनाने भरतात, हेही मी इथे लिहून टाकते. माझ्यावर रागावायचं तर रागवा.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे आणि ती मला वकिलांनी दाखवली. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात एक अपवाद होता. कामगार अपघाताच्या वेळी दारू किंवा अमली औषधाच्या अमलाखाली असेल आणि त्यामुळेच थेट अपघात झाला असेल, तर मृत्यू आणि कायमचं संपूर्ण अपंगत्व सोडून बाकीच्या दुखापतींची भरपाई मालकावर बंधनकारक राहत नाही. नव्या संहितेतही हा अपवाद आहे. दारू पिऊन मशीनवर जाणाऱ्यासाठी तो असावा, माझी हरकत नाही. पण पहिल्या अपघाताच्या उपचारात ज्याला ट्रामाडॉल लिहून दिलं, ज्याला घर चालवायचं म्हणून लवकर कामावर यावं लागलं आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी ज्याचा हात पुन्हा सापडला, त्याच्या रक्तात ती गोळी निघेल. तेव्हा विमा कंपनीचा वकील काय म्हणेल, हे सांगायला ज्योतिषी नको. तात्पुरत्या अपंगत्वात १९२३ च्या कायद्याने महिन्याकाठी साधारण निम्मी मजुरी मिळायची, तीही हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० रुपये मजुरी धरून. निम्म्या मजुरीत माणूस बरा होईपर्यंत घरी बसत नाही, गोळी खाऊन कामावर येतो. हे चक्र मालकांनाही कळतं.

मालकांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे पत्र अर्धं राहील. कारखानदार म्हणतात की कामगारांची बिलं खोटी असतात. काही असतातच. बापाच्या बीपीची गोळी, बायकोचं टॉनिक, पोराचं खोकल्याचं औषध अपघाताच्या बिलात घालून द्या म्हणणारे माझ्या काउंटरवर येतात. 'ताई, शे-दोनशे वाढवून लिहा ना, कंपनी देणार आहे' हे वाक्य मला पाठ आहे. मी देत नाही, मग ते पुढच्या दुकानात जातात आणि तिथे मिळतं. या फसवणुकीने खऱ्या जखमीचं बिलही संशयाच्या नजरेने वाचलं जातं. पण म्हणून सरसकट निम्मं कापायचं? खोटी ओळ शोधायची तर प्रिस्क्रिप्शनशी ताडून बघावं लागतं. ते काम करायला फार्मसी शिकलेला एक माणूस आणि एक दुपार पुरते.

डब्ल्यूसी पॉलिसीबद्दल थोडक्यात. कायदा म्हणतो, झालेला खर्च द्या. पॉलिसीत मात्र वैद्यकीय खर्च हा बहुतेक वेळा जादा हप्ता भरून घ्यायचा पर्याय असतो आणि त्यालाही माणशी मर्यादा असते. लहान कारखानदार हप्ता वाचवतो, एजंट काही बोलत नाही, आणि मधला फरक कामगाराच्या घरातून जातो. कारखानदार बंधूंनो, पॉलिसीची मर्यादा ही तुमच्या जबाबदारीची मर्यादा नाही. हे तुमच्या एजंटने सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

आणि धडगाव-अक्कलकुव्याकडून हंगामाला गुजरातेत जाणाऱ्या मजुरांचं तर सगळंच निसटतं. अपघात तिकडे, दवाखाना तिकडे, बिल गुजराती, आणि घरी येताना पिशवीत नाव न कळणाऱ्या गोळ्यांच्या स्ट्रिप. त्यांचा दावा कोण लिहिणार?

जगात हा प्रश्न आधी कोणाला पडलाच नाही असं नाही. अमेरिकेत कामावर जखमी झालेल्यांना अफूच्या कुळातली औषधं इतकी दिली गेली की तिथल्या राज्यांना जाग यावी लागली. टेक्सासने १ सप्टेंबर २०११ पासूनच्या दुखापतींसाठी ठराविक औषधांची यादी लागू केली. यादीत 'नको' ठरवलेलं औषध द्यायचं तर आधी मंजुरी. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१८ पासून अशीच यादी आणली. त्यांच्याकडचा पैसा आणि वकील आपल्याकडे नाहीत, आणि मंजुरीच्या नावाखाली वेदनेतल्या माणसाला ताटकळत ठेवायची पद्धत तर मुळीच नको. पण औषध देण्याच्या वेळीच बघायचं, बिल आल्यावर नाही, हा भाग उचलण्यासारखा आहे. आपल्याकडेही केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी घातली, त्यात पॅरासिटामॉल-ट्रामाडॉल-टॉरिन-कॅफिनचं एक मिश्रण होतं. म्हणजे सरकारला हे कळत नाही असं म्हणायला जागा नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कामावरच्या नेहमीच्या दुखापतींसाठी, म्हणजे चेचलेली बोटं, भाजणं, हाड मोडणं आणि पाठीचं दुखणं, जेनेरिक नावांनी औषधांची मार्गदर्शक यादी राज्याने काढावी. तिच्याबाहेरचं औषध द्यायला डॉक्टरांना मोकळीक असावी, फक्त कारण एका ओळीत लिहावं. ट्रामाडॉलसारखं औषध सुरुवातीच्या ठरवलेल्या दिवसांपुढे गेलं तर दुसऱ्या डॉक्टरची सही आणि ते कमी करत नेण्याचं वेळापत्रक कार्डावर असलंच पाहिजे. ते कामगाराला मराठीत समजावून सांगावं, आणि सातपुड्यातल्या माणसाला त्याच्या बोलीत.

बिलाचा वाद विमा कंपनीने दवाखान्याशी घालावा. कामगाराचे पैसे आधी द्यावेत. भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात द्यायची, नाहीतर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, ही १९२३ च्या कायद्यातली तरतूद औषधखर्चालाही लागते असं आपल्या खात्याने परिपत्रक काढून सांगावं. कापलेल्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिल्याशिवाय कपात मान्य करू नये.

कामावरच्या दुखापतीसाठी डॉक्टरने लिहून दिलेलं औषध रक्तात सापडलं म्हणून भरपाई नाकारता येणार नाही, हे नियमात स्पष्ट लिहावं. त्या औषधाची सवय सोडवण्याचा उपचार हा त्याच दुखापतीचा उपचार धरावा.

वैद्यकीय खर्चाचं संरक्षण नसलेली डब्ल्यूसी पॉलिसी दाखवणाऱ्या कारखान्याकडून बाकीच्या खर्चाची लेखी हमी घ्यावी.

अन्न व औषध प्रशासनाला कळवून जळगाव, धुळ्याचं अवधान, नरडाणा आणि नवापूर या वसाहतींच्या आसपासच्या मेडिकलमधल्या एच-१ च्या वह्या तपासून घ्याव्यात. सुरुवात माझ्या दुकानापासून करा. ठेकेदाराने वेदनाशामक वाटणं हा विनापरवाना औषध देण्याचा प्रकार मानून कारवाई करावी. अपघाताचे रुग्ण घेणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात, औषध कुठूनही घेता येईल, जनऔषधी केंद्रातूनही, असा मोठ्या अक्षरांचा फलक प्रवेशाच्या खिडकीपाशी लावायला लावावा.

आमचा स्वतःचा दावा कामगार न्यायालयात जातो आहे, त्यासाठी तुमची शिफारस नको. नव्या संहितेखाली नियम करायचा अधिकार राज्याकडे आहे, म्हणून विचारते : औषधखर्चाबद्दलचा नियम तुमच्या खात्याच्या कोणत्या टेबलावर आहे आणि तो कधीपर्यंत निघेल? लेखी उत्तर द्यावं. बिल, डिस्चार्ज कार्ड आणि कपातीचं पत्र, प्रत्येक औषधापुढे माझ्या टिपणीसह, तुमच्या कार्यालयाला स्वतंत्रपणे पाठवलं आहे.

आपली,
एक औषध दुकानदार, जखमी कामगाराची बहीण
जळगाव